स्तनाच्या आक्रमक कॅन्सरबद्दल गावात काय सांगावे, कोणाला सांगावे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या वाळपईच्या पलीकडच्या तुमच्या गावात ४२ वर्षांची एक बाई स्तनाच्या कॅन्सरने गेली. हाताला गाठ लागत नव्हती. एक स्तन सुजला, गरम झाला, कातडी जाड झाली. आधी मलम, मग अँटिबायोटिकचे दोन कोर्स, मग झाडपाल्याचा लेप, आणि निदान होईपर्यंत अडीच महिने गेले. रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहिले होते. आता तुमचे महिला मंडळ ऑक्टोबरमध्ये गुलाबी टी-शर्ट घालून फेरी काढणार आहे आणि पंचायतीच्या सभागृहात व्याख्यान ठेवणार आहे. अशा कॅन्सरबद्दल बायकांना घाबरवून न सोडता कसे सांगावे आणि त्या बाईंच्या मुलीला बोलायला बोलवावे का, हे तुम्ही विचारले आहे.

मी शल्यचिकित्सक आहे. गोव्यात बरीच वर्षे स्तनाच्या आजारांचेच रुग्ण पाहते आणि अशा सभांनाही जात असते. तुमचे वर्णन वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही, की त्या बाईंनी दुखणे लपवले नव्हते. त्या दवाखान्यात गेल्या होत्या, दिलेली औषधे त्यांनी घेतली होती. वेळ गेला तो पहिल्या औषधाने गुण येत नाही हे दिसल्यानंतर. म्हणून “लाजू नका, तपासून घ्या” एवढेच सांगणारे व्याख्यान त्यांच्यासारख्या बाईच्या कामी येणार नाही. औषधाने उतार पडला नाही तर पुढे कोणाकडे जायचे आणि किती दिवसांत, हे ना त्यांना ठाऊक होते ना घरच्यांना. तुमच्या कार्यक्रमाने गावाला द्यायचे ते एवढेच, पण नीट द्यायचे.

त्यांचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय त्यांना नेमके काय झाले होते हे कोणीच छातीठोकपणे सांगू नये, आणि व्यासपीठावरून तर मुळीच नाही. पण तुम्ही सांगितलेली लक्षणे इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सरची आहेत. हा प्रकार आणि ट्रिपल निगेटिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्फ्लमेटरी हे नाव स्तन वरून कसा दिसतो आणि किती झपाट्याने बदलतो यावरून पडले आहे. ट्रिपल निगेटिव्ह हे स्तनाचा तुकडा काढून (बायोप्सी) तपासल्यावर प्रयोगशाळेत कळते: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे संदेश टिपणारे रिसेप्टर त्या पेशींत नसतात आणि हर-टू नावाचे प्रथिनही वाढलेले नसते, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरची औषधे उपयोगी पडत नाहीत. एकाच बाईला दोन्ही असू शकते. पाश्चात्य देशांत स्तनाच्या कॅन्सरपैकी १० ते १५ टक्के ट्रिपल निगेटिव्ह असतात, भारतातल्या अभ्यासांत हे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट निघाले आहे, आणि त्यात तरुण बायका जास्त असतात. मात्र ट्रिपल निगेटिव्हमध्ये बहुधा गाठ लागते. ती वेगाने वाढते, पण लागते. इन्फ्लमेटरीमध्ये बऱ्याचदा गाठच नसते, आणि आपला सगळा प्रचार गाठीभोवती फिरतो.

गाठ का नसते हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. या प्रकारात कॅन्सरच्या पेशी एका जागी गोळा न होता कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्यांत शिरून त्या बुजवतात. वाहून जायचा द्रव तिथेच साचतो. स्तन जड होतो, सुजतो, गरम लागतो, कातडी ताणली जाते आणि तिच्यावरची छिद्रे संत्र्याच्या सालीसारखी उठून दिसतात. बोंड आत ओढले जाऊ शकते, काखेत गाठी येऊ शकतात. हे सगळे काही आठवड्यांत घडते. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला आणि स्तनाचा किमान एक तृतीयांश भाग व्यापणारा बदल, अशी या आजाराची वैद्यकीय व्याख्याच आहे. जंतुसंसर्ग नसतो, म्हणून बहुतेक वेळा ताप नसतो, पू नसतो आणि अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. आजार दुर्मीळ आहे, अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरपैकी १ ते ५ टक्के. गावच्या डॉक्टरांनी तो आयुष्यात कधी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. पण निदान होते तेव्हाच तो किमान तिसऱ्या टप्प्यात असतो आणि साधारण तिघींपैकी एकीत तो दूरच्या अवयवांत पोहोचलेला असतो. इथे महिन्याची दिरंगाई म्हणजे फार मोठी दिरंगाई.

पोस्टरवर जे फोटो लावाल ते जपून निवडा. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे आहेत, त्यांत लालभडक रंग दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो तसा दिसत नाही. जांभळट, तपकिरी किंवा नुसता काळपट पट्टा दिसतो, कधी रंगात फरकच कळत नाही. अशा वेळी बाईला आधी कळते ते वेगळेच: एका बाजूची ब्रा घट्ट होऊ लागली, पट्टीचा वळ संध्याकाळपर्यंत जात नाही, एक बाजू जड वाटते, हात लावला तर दुसरीपेक्षा गरम लागते. मी सभेत हेच सांगते. “लाली पाहा” म्हटले तर आपल्या बायका लाली दिसत नाही म्हणून निश्चिंत होतात.

आता मुदतीचे. इथे परिस्थितीप्रमाणे फरक पडतो आणि तो बायकांना समजतो, त्यामुळे सांगायला संकोचू नका. नुकती बाळंत झालेली, अंगावर पाजणारी बाई असेल तर दूध साकळून स्तन सुजणे नेहमीचे आहे. थंडी-ताप येतो, ठणकते, आणि योग्य औषध सुरू झाले की दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. तिला घाबरवण्याचे कारण नाही; डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले तर ते बरोबरच आहे. मूल मोठे झालेल्या बाईला असेच झाले तर लक्ष अधिक घालायला हवे. आणि पाळी गेलेल्या बाईचा स्तन अचानक सुजला तर पहिल्याच दिवसापासून सर्जनला दाखवावे, कारण त्या वयात साधा संसर्ग क्वचित होतो. पण औषध सुरू झालेल्या सगळ्यांना लागू पडणारा एक नियम आहे: औषधाला दहा दिवस. दहा दिवसांत सूज पूर्ण ओसरली नाही तर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स घेत बसायचे नाही, सर्जनकडे जायचे आणि तुकडा काढून तपासायचा. “थोडे बरे वाटते” हे पुरेसे नाही. औषधासोबत घेतलेल्या दुखण्याच्या गोळीनेही थोडे बरे वाटते.

यावर काही डॉक्टर म्हणतील की प्रत्येक सुजेत कॅन्सर शोधायचा का? त्यावर माझे उत्तर असे, की न उतरणाऱ्या सुजेची कारणे आपल्याकडे बरीच आहेत. स्तनाचा क्षयरोग असतो, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा कॅन्सर नसलेला चिवट आजार असतो. त्यांचेही निदान तुकडा तपासूनच होते आणि त्यांचेही औषध वेगळे असते. म्हणजे तपासणीत कॅन्सर निघाला नाही तरी ती फुकट जात नाही.

बायकांना दहा दिवस मोजायला लावायचे तर सोय करून द्यावी लागते. पहिली गोळी घेतली त्या तारखेला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करायची आणि पुढे दहा घरे मोजून दुसरी खूण. त्याच दिवशी सुजेच्या कडेने बॉलपेनची रेघ ओढून ठेवायची, म्हणजे ती पसरली की आटली हे कोणालाही सांगता येते. फोटो काढायला मी सहसा सांगत नाही; घरात एकच फोन असतो आणि तो मुलांच्या हातात असतो.

व्याख्यानासोबत शिबिर ठेवायचे तुमच्या मनात असेल तर त्याआधी पुढचे वाचा. शिबिरांच्या मी विरोधात नाही. ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या उपक्रमात २०२१पासून एक लाख बायकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून आरोग्य केंद्रांत हातात धरायच्या उपकरणाने तपासणी सुरू झाली, ते चांगलेच झाले. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८पासून सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. महागड्या यंत्राशिवाय एवढे साधते हे आपल्यासाठी फार मोलाचे आहे. पण या सगळ्या तपासण्या हळूहळू वाढणाऱ्या गाठी शोधतात. इन्फ्लमेटरी कॅन्सर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवतो आणि पसरतो. मॅमोग्राममध्येही (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) कित्येकदा गाठ दिसत नाही, फक्त कातडी जाड दिसते. शिबिरात “सगळे ठीक” असा कागद मिळालेली बाई दोन महिन्यांनी सुजलेला स्तन घेऊन घरी बसते, कारण तिच्याकडे कागद आहे. शिबिर घेतलेच तर त्या कागदावर ठळक लिहा: हा रिपोर्ट आजचा आहे, उद्या बदल दिसला तर पुन्हा यायचे.

दर महिन्याला अमुक पद्धतीने, बोटे गोल फिरवून स्वतः तपासा, हे शिकवण्यावरही मी आता भर देत नाही. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांवर याची मोठी पाहणी झाली. २००२ साली निष्कर्ष आला की असे शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या तपासण्या मात्र वाढल्या. आपले स्तन एरवी कसे असतात हे अंघोळीच्या वेळी लक्षात राहू द्यावे आणि एका बाजूला काही वेगळे दिसले, लागले किंवा जाणवले तर सांगावे, एवढेच शिकवा. ते लक्षातही राहते.

कोणाला सांगायचे, यावर मात्र तुम्ही जास्तीत जास्त विचार करावा असे मला वाटते. महिला मंडळाचा कार्यक्रम म्हटला की हळदीकुंकवाला जोडून घ्यायची सवय आपल्याकडे आहे. बायका आयत्या जमतात, खरे आहे. पण तिथे कोण नसते ते पाहा. विधवा बाई नसते. सासूबाई घर राखायला मागे राहिलेल्या असतात. म्हणजे पाळी गेलेल्या, पन्नाशी-साठीच्या ज्या बायकांना सगळ्यात जास्त जोखीम, त्यांच्या कानावर हे जातच नाही. स्वयंसाहाय्य गटाची मासिक बैठक, भजनाच्या सरावानंतरचा अर्धा तास, रेशनच्या दुकानाचा दिवस, या जागा अधिक बऱ्या. धालोला, म्हणजे बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्याच्या खेळाला, सगळ्या वयाच्या बायका मांडावर (खेळाच्या जागेवर) असतात, पण तो देवकार्याचा मांड आहे. वडीलधाऱ्या बाईला विचारून, खेळ सुरू होण्याआधी बाजूला बसून बोलता आले तरच बोला. आणि वाड्यावर जाल तेव्हा घरची बोली बोला. कागद मराठीत असू दे, पण बोलणे कोकणीत झाले तर बायका प्रश्न विचारतात.

ऑक्टोबरचीही वाट पाहू नका. आपल्या सत्तरी तालुक्यातली बाई दुखणे कशासाठी पुढे ढकलते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. काजूचा हंगाम असला की “बोंडू आटोपले की जाईन”, पाऊस लागला की लावणी, मग चवथ (गणेश चतुर्थी), मग जत्रा. हळूहळू वाढणाऱ्या आजारात हे कदाचित निभावते, या आजारात निभावत नाही. म्हणून काजूवर जायच्या आधी एकदा, आणि चवथीच्या आधी एकदा, असे छोटे छोटे बोला. दहा बायकांशी पंधरा मिनिटे बोलणे मला सभागृहातल्या दोनशे खुर्च्यांपेक्षा मोलाचे वाटते, कारण उठताना एखादी बाजूला येऊन हळूच विचारते.

पुरुषांशी वेगळे बोला. गाडी त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे, आणि बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) रुग्णालयात, जायचे की नाही हे बहुतेक घरांत तेच ठरवतात. देवस्थान समितीची किंवा भजनी मंडळाची बैठक झाल्यावर दहा मिनिटे मागून घ्या. त्यांना लक्षणांची यादी देऊ नका, एवढेच सांगा: घरातली बाई म्हणाली की औषधाने सूज उतरत नाही, तर त्याच आठवड्यात सर्जनकडे न्यायचे. माझ्या अनुभवात पुरुष हे ऐकतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते एवढेच.

तिसरी जागा फार्मसी. गोळ्यांची दुसरी पाकिटे तिथूनच विकत घेतली जातात, बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय. गावच्या फार्मसीवाल्याला जाऊन भेटा. स्तनाच्या सुजेसाठी कोणी दुसऱ्यांदा अँटिबायोटिक मागितले तर “आधी सर्जनला दाखवा” एवढे त्याने म्हणायचे. आणि जवळच्या डॉक्टरांना कार्यक्रमाआधी स्वतः जाऊन भेटा, पाहुणे म्हणून बोलवा. झालेल्या मृत्यूबद्दल कोणाकडे बोट दाखवू नका. गावात सगळ्यांना सगळे कळते, आणि दुखावलेला डॉक्टर पुढच्या बाईला चिठ्ठी देताना हात आखडता घेईल. बायकांना मी हे वाक्य पाठ करायला लावते: “डॉक्टर, दहा दिवस औषध घेतले, सूज गेली नाही. मला सर्जनसाठी चिठ्ठी द्या, तुकडा तपासायचा आहे.” यात कोणाचा अपमान नाही आणि टाळायलाही जागा नाही.

हे सगळे सांगण्याआधी वाट मोकळी करून ठेवा. वाळपईच्या आरोग्य केंद्रात कोण पाहील, गोमेकॉत शस्त्रक्रिया विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी असते, पहाटेची कोणती बस धरायची, हे एका कागदावर लिहून तयार हवे. मंडळातल्या दोघी-तिघी सोबत जायला तयार हव्यात. एकटी बाई रांगेत उभी राहून, आज नंबर लागला नाही म्हणून परत आली की पुन्हा जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे (आरोग्य विम्याचे) कार्ड घरोघर पाहून घ्या. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण त्यात आहे, पण कार्डाची मुदत संपलेली असली तर ऐन वेळी धावपळ होते.

प्रश्न येतील त्यांची तयारी ठेवा. पहिला हमखास येणारा: सुई टोचली किंवा तुकडा काढला की कॅन्सर खवळतो ना? नाही. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही, आणि तो तपासल्याशिवाय कोणते औषध चालेल हेही कळत नाही. दुसरा: ताबडतोब स्तन काढून का टाकत नाहीत? या प्रकारात आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन हाच क्रम बरोबर आहे. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावरचे औषध सोबत. आधीच कापले तर कातडीत पसरलेल्या पेशी मागे राहतात. घरचे लोक “काढून मोकळे करा” म्हणून डॉक्टरवर दबाव आणतात किंवा करून देणारा दुसरा डॉक्टर शोधतात, त्यांना हे आधीच ठाऊक असलेले बरे. तिसरी गोष्ट कोणी विचारणार नाही, तुम्हीच सांगा. केमोच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सूज उतरते, स्तन जवळजवळ पूर्वीसारखा दिसतो, केस मात्र गेलेले असतात. बाई म्हणते, आता बरे झाले, पुरे. तिथे उपचार सोडू द्यायचे नाहीत.

वाचतात का, हेही विचारतील. अमेरिकेतल्या आकडेवारीत या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण ४० टक्के पाच वर्षांनंतर हयात असतात; आजार स्तन आणि काखेपुरता असतानाच उपचार सुरू झाले तर निम्म्याच्या आसपास, दूर पसरल्यावर पाचातली एक. व्यासपीठावरून मी आकडे सांगत नाही. कोणी विचारले तर खरे सांगते, आणि लगेच हेही सांगते की हे आकडे अमुक एका बाईचे भविष्य नाहीत.

पत्रकावर फार मजकूर नको. मी लिहीन तो असा: “एक स्तन अचानक सुजला, जड झाला, गरम लागला, कातडी जाड किंवा खडबडीत झाली, बोंड आत गेले, तर गाठ नसली तरी डॉक्टरांना दाखवा. औषधाने दहा दिवसांत पूर्ण बरे झाले नाही तर सर्जनकडे जा आणि तुकडा तपासायला सांगा. अंगावर पाजत असलात तरीही. सोबत हवी असेल तर या नंबरवर फोन करा.” आणि खाली मंडळाचा नंबर, जो कोणीतरी खरोखर उचलेल.

गुलाबी टी-शर्ट घ्यायचे तर घ्या. पण पैसे मोजके असतील तर ते आधी बांबोळीच्या गाडीभाड्यासाठी बाजूला ठेवा.

त्या बाईंच्या मुलीबद्दल. तिची तयारी असेल तर तिच्या बोलण्याचा परिणाम कोणत्याही डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा अधिक होईल, पण वर्ष तरी जाऊ द्या, आणि नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका. आईचे नाव, आजाराचा तपशील किती सांगायचा हे तिने आणि तिच्या वडिलांनी ठरवायचे. त्याआधी तिच्यासाठी एक काम आहे. इन्फ्लमेटरी प्रकार सहसा आनुवंशिक नसतो, पण तरुण वयातल्या ट्रिपल निगेटिव्हमागे कधी कधी बीआरसीए या जनुकातला दोष असतो आणि तो मुलीकडे येऊ शकतो. तिच्या मावश्या, आजी यांच्यात कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला होता का ते विचारून लिहून घ्या. आईचे सगळे रिपोर्ट, विशेषतः तुकड्याचा, बरोबर घेऊन तिला एकदा सर्जनकडे घेऊन जा. जनुकीय चाचणी हवी की नको ते तिथे ठरेल.